चमचाभर कोंडा

रफूवालीला जेवायला बोलावणारं जगात कोणी उरलं नव्हतं, आणि बोलावणं आलं ते लाँड्रीच्या काचेवर चिकटवलेल्या कागदातून आलं.

लाँड्री तिची नव्हती. तिची होती ती लाँड्रीमागच्या गल्लीतली वरची खोली. कसरीनं खाल्लेल्या शाली, ठिणगीनं भोक पडलेले कोट, गुडघ्यात विरलेल्या पँटी लाँड्रीवाल्याकडे यायच्या आणि तो त्या वर धाडायचा. कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरे काढून ती भोक असं विणून टाकायची की गिऱ्हाईकच विचारायचं, नक्की कुठे फाटलं होतं हो? काम चांगलं झालं की ते कुणाला दिसायचं नाही. असल्या धंद्यात कौतुकाचा रकाना कोराच राहतो. आई होती तोवर खोलीत निदान कुरकुर तरी असायची. आई गेल्यावर दिवसभरातलं तिचं बोलणं दोन वाक्यांवर आलं, आणि त्यातलं एक दोऱ्याच्या रंगाबद्दल असायचं.

कागदावर लिहिलं होतं की सतत थकवा येणाऱ्या स्त्रिया हव्या आहेत. अन्नसंस्थेत काही महिने दुपारचं जेवण मिळेल, रक्त तपासलं जाईल, बसभाडं देऊ.

"थकलेल्या बायका मागवतायत," लाँड्रीवाला म्हणाला. "अर्धं शहर रांग लावेल. पण पहिला नंबर तुमचा. आरशात बघता का कधी? माझ्या पांढऱ्या चादरींना तुमच्यापेक्षा जास्त रंग आहे."

"जेवायला तिथेच बसायचं असतं का, की डबा देतात?" तिनं विचारलं.

लाँड्रीवाल्याला हा प्रश्न चमत्कारिक वाटला. त्यानं कागद पुन्हा वाचला. "बसायचं असतं," तो म्हणाला.

ती गेली. रक्तात लोह कमी निघालं, साठा तर जवळजवळ संपलेला. संशोधक बाईंनी आकडा वाचून मान हलवली आणि म्हणाल्या, "आम्हाला हव्या तशाच आहात." आयुष्यात एवढी पसंती तिला पहिल्यांदाच मिळाली.

जेवणाची खोली लांबट होती. एक टेबल खिडकीशी, एक भिंतीशी. भिंतीत एक झरोका, त्यापलीकडे स्वयंपाकघर आणि त्यात मावशी. मावशी कुणाचीच मावशी नव्हती, पण संस्थेत ती सगळ्यांच्या आधीपासून होती आणि तिला दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. प्रत्येकीच्या ताटाला क्रमांक. ताट झरोक्यातून यायचं, रिकामं झालं की झरोक्यातूनच परत जायचं. जेवणही रोज एकच: शिजवलेलं कडधान्य, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा जाड पाव, उकडलेली भाजी. दोन्ही टेबलांना तेच. फक्त एका टेबलाचं धान्य एका तऱ्हेनं तयार केलेलं, दुसऱ्याचं दुसऱ्या. कुठल्याचं कुठलं, हे बायकांना सांगायचं नाही असा नियम होता. मावशीच्या चुलीवर दोन भांडी असायची, एकात लाल मुठीचा डाव, दुसऱ्यात काळ्या. एकाचा डाव दुसऱ्यात गेला तर मावशी तो डाव टाकून द्यायची, भांडंसुद्धा ओतून द्यायची, अशी तिची ख्याती.

खिडकीच्या टेबलावर रफूवालीच्या शेजारी कंडक्टरीण आली. शहर बसची कंडक्टर, अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. पहिल्याच दिवशी तिनं रफूवालीला कोपरानं सरकवलं. "सरक जरा आत. बसलीयस अशी जशी पुढच्या स्टॉपला उतरणारेस."

समोर ग्रंथालयवाली. ती हळू चावायची आणि घास संपल्याशिवाय बोलायची नाही, त्यामुळे तिचं प्रत्येक मत उशिरा यायचं, विषय बदलून गेल्यावर. कंडक्टरीण प्रवाशांच्या गोष्टी सांगायची. बादलीभर मासे घेऊन चढलेला म्हातारा, बायकोच्या नावानं तिकीट मागणारा नवरदेव, सुटे नाहीत म्हणून कांदा देऊ करणारी बाई.

"मग घेतलास का कांदा?" रफूवालीनं विचारलं.

"घेतला. परत तिला सुटे म्हणून लसूण दिली."

रफूवाली हसली, आणि तिचं तिलाच दचकायला झालं. हा आवाज बरेच दिवस वापरात नव्हता.

दुपार म्हणजे काय हे तिला नव्यानं कळलं. पूर्वी दुपार ही उजेड चांगला असण्याची वेळ होती, काळ्या कपड्यावर काळा दोरा दिसायची वेळ. आता सकाळपासून ती दुपारसाठी गोष्टी राखून ठेवायला लागली. कोटाच्या अस्तरात सापडलेलं जुनं नाटकाचं तिकीट, लाँड्रीवाल्याची नवी पाटी. टेबलावर नेण्यासारखं काही हाती लागलं की घरखर्च सांभाळणारी बाई जशी फडताळात गूळ दडवते तशी ती ते मनात दडवायची. शनिवार-रविवारी संस्था बंद. ते दोन दिवस ती सुईत दोरा ओवायची आणि सोमवारकडे डोळे लावायची.

एकदा जेवण उरकल्यावर संशोधक बाई टेबलाशी येऊन बसल्या. तरुण होत्या, केस बांधायला वेळ न मिळाल्यासारख्या. प्रश्न विचारले की खूश व्हायच्या, पण विचारायचं कुणी नाही.

"एवढं पौष्टिक, कोंड्यासकट खाऊनही माणसाला लोह कमी पडतं ते कसं हो?" रफूवालीनं विचारलं. खरं तर बाई उठून जाऊ नयेत म्हणून विचारलं.

"त्याचंच तर हे सगळं आहे," बाई सरसावून म्हणाल्या. "बी म्हणजे झाडानं बाळाच्या प्रवासासाठी बांधलेलं गाठोडं. त्यात फॉस्फरसचा साठा असतो, त्याला फायटिक आम्ल म्हणतात. गव्हात ते मुख्यतः वरच्या थरांत, म्हणजे कोंड्यात. कडधान्यात आतल्या डाळीतच. त्याला लोह दिसलं, जस्त दिसलं, की ते असं धरून बसतं की आतड्यातही सोडत नाही. तुम्ही खाल्लेलं असतं, पोटात गेलेलं असतं, पण अंगी लागत नाही. आलं तसं निघून जातं."

"आमच्या गाडीत असले रोज असतात," कंडक्टरीण म्हणाली. "चढतात, धक्के मारतात, उतरतात. तिकिटाचा पत्ता नाही."

"मग ते सोडवायचं कसं?"

"बीला वाटलं पाहिजे की रुजायची वेळ आली. कोमट पाण्यात भिजवा, मोड आणा, पावाचं पीठ सावकाश आंबवा. मग ते आपणहून गाठोडं सोडायला लागतं. आणि वाईट नसतं हो हे आम्ल, ज्यांच्या अंगात लोह पुरेसं आहे त्यांचं काही बिघडत नाही. तुमच्यासारख्यांना मात्र भारी पडतं." बाईंनी बोट वर केलं. "गंमत म्हणजे हे सगळं एकाच जेवणापुरतं असतं. सकाळी खाल्लेला कोंडा दुपारच्या लोहाला फारसा हात लावत नाही. सोबत खाल्ला तर लावतो. चहाचंही तसंच, म्हणून जेवणावर चहा नको म्हणते."

ग्रंथालयवालीचा घास संपला. "कांद्यापेक्षा लसूण महाग असते," ती म्हणाली.

मध्यावर पुन्हा रक्त काढलं. नियमाप्रमाणे आकडा जिचा तिला सांगावा लागे. रफूवालीला आत बोलावून संशोधक बाई जवळजवळ मिठी मारायच्या बेतात होत्या. "तुमचा साठा काय सुंदर भरतोय. असाच चालला तर शेवटच्या तपासणीत तुम्ही रेषेच्या वर."

"वर गेलं की काय होतं?"

"मग तुम्ही मोकळ्या. पुढच्या फेरीत फक्त ज्या अजून रेषेखाली आहेत त्याच राहतील. वर्षभर चालेल ती."

ती बाहेर आली. कंडक्टरीण आपला कागद हलवत होती. "माझं रक्त सरकारी नोकरीत आहे गं. जागचं हलायला तयार नाही. मी बसतेय इथे वर्षभर." आणि मग, "तुझं काय?"

"जरा वर गेलंय."

"वा. सुटशील तू."

रफूवालीनं त्या दिवशी घरी जाताना स्वतःच्या अंगाचा हिशेब मांडला. जिन्यावर आता धाप लागत नव्हती. नखांचा पांढुरकेपणा गेला होता. सुई बोटात घट्ट राहत होती. ही सगळी जमेची बाजू. दुसऱ्या बाजूला एक खुर्ची होती. माणसं प्रकृती सांभाळायला काय काय सोडतात, साखर सोडतात, तूप सोडतात. तिनं उलटा सौदा केला.

खालच्या पाववाल्याकडे चाळलेला कोंडा पिशवीभर पडून असायचा. "घोडा पाळलात का काय?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, पोटासाठी. हे खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती संस्थेच्या जिन्याच्या वळणावर थांबायला लागली. बाटलीत कोंडा कालवलेलं पाणी असायचं. चमचाभरानं सुरुवात झाली, मग दोन झाले. गोणपाट चावल्यासारखं लागायचं. तोंड पुसून ती वर जायची, खुर्चीवर बसायची, आणि मावशीनं दोन दिवस आधीपासून भिजवून, मोड आणून, आंबवून मोकळं केलेलं लोह पोटात उतरायच्या आत तिथे त्याला धरणारे जाऊन बसलेले असायचे. घरी पोचल्या पोचल्या काळा कडक चहा. काही आठवड्यांत जिन्यावर पुन्हा धाप लागायला लागली. पहिल्यांदा धाप लागली तेव्हा ती कठड्याला धरून उभी राहिली आणि तिला समाधान वाटलं. आजारी माणसाला आजाराचं समाधान वाटतं ते असं क्वचितच.

शेवटच्या तपासणीत खिडकीच्या टेबलावरचे सगळे आकडे वर गेले, कंडक्टरिणीचासुद्धा थोडा, पण रेषेखालीच राहिला. एक आकडा मात्र सपाटून खाली आला होता.

संशोधक बाईंनी तिला बोलावलं. समोर कागद पसरलेले होते आणि केस त्या दिवशी मुळीच बांधलेले नव्हते. "जेवणावर चहा घेत होता का?"

"नाही."

"वेगळं काही खात होता? कोंड्याची बिस्किटं, काही चूर्ण?"

"नाही."

"पोटाचा त्रास? रक्तस्राव?"

"नाही हो."

बाईंनी सगळे कागद पुन्हा एकदा वरपासून तपासले. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग एकच उरतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या ताटात दुसऱ्या भांड्यातलं वाढलं गेलं. आणि तुमच्या ताटात गेलं असेल तर आणखी कुणाच्या गेलं, ते मी कुणाला विचारू? सगळीच ताटं संशयात आली. तुमचा दोष नाही. मावशीचं वय झालं. सोमवारपासून तिला बाटल्या धुण्यावर घालते आणि ही फेरी पहिल्यापासून करते." मग जरा हसून, "तुम्ही हिच्यात आणि पुढच्या फेरीतही आहातच."

म्हणजे जे हवं होतं ते पदरात पडलं होतं. वर्षभराचं.

ती टेबलावर आली तेव्हा झरोक्यात मावशी उभी होती. तिला आधीच सांगितलेलं दिसत होतं. मावशी कधी झरोक्याबाहेर यायची नाही, ती आली. हात एप्रनला पुसत रफूवालीच्या खुर्चीपाशी उभी राहिली.

"बाई, तुम्हीच सांगा. तुमच्या ताटात मी कधी काळ्या डावानं वाढलं?"

"मला काय कळणार, मावशी," रफूवाली म्हणाली. "दोन्ही दिसायला सारखंच."

"दिसायला सारखं," मावशी म्हणाली. "हो. दिसायला सारखंच आहे." आणि आत गेली. त्या दिवशी झरोक्यातून ताटं आली ती इतक्या सावकाश आली की कंडक्टरिणीनंही काही टोमणा मारला नाही. मावशी प्रत्येक ताटाचा क्रमांक मोठ्यानं वाचत होती. आतापर्यंत तिला कधी वाचावा लागला नव्हता.

मधल्या शनिवार-रविवारी रफूवालीकडे एक करडी शाल होती. भोक नाण्याएवढंच, पण तिला ते जमेना. विणलेलं दिसत होतं. उसवलं, पुन्हा विणलं, तरी दिसतच होतं. क्रमांक वाचणारा तो आवाज कानातून जाईना. मावशीनं अख्ख्या जन्मात एकच गोष्ट कमावली होती, डाव न चुकणारा हात. तेवढीच तिची जमा. आणि एका खुर्चीच्या भाड्यापोटी रफूवालीनं ती मावशीच्या खात्यातून काढून भरली होती.

सोमवारी ती जिन्याच्या वळणावर थांबली नाही. थेट संशोधक बाईंच्या खोलीत गेली आणि बाटली टेबलावर ठेवली.

"मावशीचा हात चुकला नाही. मी जेवणाआधी हे प्यायचे. रोज. घरी जाऊन चहाही."

बाईंनी बाटली हलवली, खाली बसलेला कोंडा वर आला. "का?"

"पुढच्या फेरीत राहायचं होतं."

"पण त्यात आहे काय? पैसे आम्ही देत नाही. बसभाडं तेवढं."

"जेवण."

"घरी जेवायला मिळत नाही तुम्हाला?" बाईंचा आवाज खाली आला.

"मिळतं की. मी स्वतः करते. चांगलं करते." रफूवालीला पुढे कसं सांगावं कळेना. "घरी मी जेवते ते अगदी लवकर संपतं."

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. हुशार माणसाला सोपी गोष्ट कळायला लागतो तेवढा. मग त्यांनी कागद ओढले, तिच्या क्रमांकावर आडवी रेघ मारली आणि एक श्वास सोडला. त्या श्वासात राग होता, पण सुटकाही होती, कारण बाकीचे आकडे आता शाबूत होते. मोड आलेल्या धान्यानं आपलं काम चोख केलं होतं.

त्यांनी मावशीला बोलावलं. मावशी बाटल्या धुण्याचे रबरी हातमोजे घालूनच आली. बाई उभ्या राहून म्हणाल्या, "मावशी, चूक माझी. तुमच्या हातानं काहीही चुकलेलं नाही. या बाई घरून कोंडा आणून जेवणाआधी पीत होत्या."

मावशीनं बाटलीकडे पाहिलं, मग रफूवालीकडे. "मी दोन दोन दिवस त्या बियांच्या मागे लागते," ती म्हणाली. "पाणी गार झालं की बदलते. झाकून ठेवते. लेकरांसारखं. आणि तुम्ही वर कोंडा खाऊन यायचात."

"हो."

"त्या दिवशी मला म्हणालात, दिसायला सारखंच."

"हो, मावशी."

मावशीनं हातमोजे काढले, टेबलावर ठेवले आणि स्वयंपाकघराकडे गेली. माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि रफूवालीनं मागितलंही नाही.

"आजचं ताट लागलेलं आहे," संशोधक बाई म्हणाल्या. "जेवून जा."

कंडक्टरीण आज नव्या ड्रायव्हरची नक्कल करत होती. रफूवाली ती संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "उद्यापासून मी नाही." मग का, तेही सांगितलं. तिनं ते विणून झाकलं नाही.

"अगं," कंडक्टरीण म्हणाली, "लोक नोकरी टिकवायला दुखणं लपवतात, तू जेवण टिकवायला दुखणं पाळलंस?" ती हसली, मग हसणं मध्येच थांबवलं. "मला आधी बोलली असतीस तर."

"तर काय?"

कंडक्टरिणीनं विचार केला. तिला खोटं बोलण्याची सवय नव्हती. "काय माहीत," ती म्हणाली. "घरी सासू, पोरं, त्यात माझी ड्यूटी दर आठवड्याला बदलते. ये कधीतरी. माझ्या गाडीत ये. तिकीट काढून ये हं."

"कुठल्या नंबरची गाडी?"

"तेच तर, दर आठवड्याला बदलते."

मग ग्रंथालयवालीचा घास संपला. "आमच्याकडे वाचनाच्या खोलीत बसायला चालतं," ती म्हणाली. "बोलायला चालत नाही." उशिरा नव्हे, अगदी वेळेवर आलेलं तिचं हे पहिलंच वाक्य होतं. रफूवालीनं पावाचा शेवटचा तुकडा रेंगाळत खाल्ला, पण तुकडा तो तुकडाच. कंडक्टरिणीनं टोपी घातली, खांद्यावर थोपटलं आणि गाडी सुटते म्हणून गेली.

निघताना संशोधक बाईंनी तिला दारात गाठलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणापासून लांब घ्यायला सांगितल्या, सोबत लिंबू चालेल म्हणाल्या, चहा नाही. कडधान्य भिजवून मोड आणून खा, हेही. मायेनं सांगत होत्या. त्यांचं काम वाचलं होतं आणि वाचलेल्या माणसाजवळ माया शिल्लक असते.

"तीन महिन्यांत आकडा वर येईल. तेव्हा एकदा दाखवायला या."

"आधी आले तर?"

"आधी येऊन काय उपयोग?" बाई म्हणाल्या. "रक्त सावकाश भरतं."

"बरं," रफूवाली म्हणाली, आणि कठड्याला धरून, जिन्याच्या वळणावर न थांबता, खाली उतरली.